राबात गेलेला दुकानपट्टा

मी ग्रामपंचायतीत निवडून आले ती काही माझ्या कर्तबगारीमुळे नाही. बायकांसाठी जागा राखीव झाली तेव्हा आमच्या वॉर्डातले पुरुष देवळात बसले, आपापल्या बायकांची नावं पुढे केली आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या बायकोच्या नावात काहीतरी खोट काढली. माझं नाव निघालं तेवढ्यात चहा आला. चहाच्या नादात खोट काढायची राहून गेली आणि मी बिनविरोध मेंबर झाले. घरी कळलं तेव्हा मी शेण थापत होते.

पहिले काही महिने मी सभेला जाऊन पदर सावरून बसायची आणि सांगतील तिथे सही करायची. पुढेही तशीच बसले असते. पण आमच्या थोरल्या जाऊबाईंचा गाव सोडायचा प्रश्न आला आणि माझं डोकं फिरलं.

तिला मी वयनी म्हणते. मी कसाऱ्याकडची, वडील रेल्वेत, आमच्या चाळीच्या अंगणाला फरशी होती. लग्न होऊन इथे आले तेव्हा चिखलात पाय घातला की मला रडू यायचं. पहिल्या लावणीत माझी ओळ सगळ्यांच्या मागे पडायची. वयनी आपली ओळ संपवून मागे यायची, न बोलता माझी रोपं लावून टाकायची आणि सासूबाई बघायच्या आत पुढे जायची. अख्खा पाऊस तिने असं केलं. कुणाला सांगितलं नाही आणि मलाही कधी बोलून दाखवलं नाही. या घरात मी रुळले ती तिच्यामुळे, हे मी कुणापुढेही सांगायला तयार आहे.

शहापूरहून किन्हवलीवरून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा फाटा लागतो. गाव फाट्यापासून आत आहे. त्या वेळी फाट्यावर चहाची एक टपरी होती आणि एसटीचा थांबा होता, म्हणजे बसायला एक दगड होता. वाटण्या झाल्या तेव्हा फाट्याला लागून असलेला शेताचा तुकडा थोरल्या दिरांच्या वाट्याला आला. वयनीच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट होती. तिथे भाताची गिरणी घालायची.

ही तिची हौस नव्हती. आमच्याकडे भात पिकतं ढीगभर, पण ते भरडायचं तर किन्हवली गाठावी लागे. पोती बैलगाडीत घालायची, सकाळी निघायचं, तिथे रांगेत बसायचं, लाइट गेली की लाइटची वाट बघायची आणि तांदूळ घेऊन दिवेलागणीला परत यायचं. ज्या घरात बैल नाहीत तिथल्या बायका पाटीभर भात डोक्यावर घेऊन एसटीत चढत आणि कंडक्टरची बोलणी खात. वयनी म्हणायची, "आपले गावात चार पिढ्या भात पिकतं नि तांदूळ आणायला दुसरीकडं जायचं, ही कुठली रीत?"

थोरले दीर वाशिंदला कंपनीत होते. सोमवारी जायचे ते शनिवारी यायचे. तिथे चार जणांत मिळून एक खोली होती, स्टोव्हवर हाताने करून खायचे. माणूस वाईट मुळीच नव्हता, कंटाळलेला होता. वाशिंदला स्टेशनजवळ नव्या इमारती उठत होत्या. त्यातली एक खोली त्यांनी हेरून ठेवली होती आणि फाट्याचा तुकडा मुंबईच्या एका पार्टीला द्यायचं मनात आणलं होतं. तेव्हा आमच्या भागात अशा पार्ट्या गाड्या घेऊन फार यायच्या. त्यांना बंगला बांधायचा असे, पुढे लॉन करायचं असे आणि विहिरीला पाणी किती हे विचारायचं असे. दिरांनी वयनीला सांगून टाकलं, "पावसाळ्याच्या आत तुझे गिरणीचं काय ते दिसलं पायजे. नाय दिसलं तर जूनला पोरांची नावं वाशिंदच्या शाळेत घालतो."

वयनी मला हे सांगताना लसूण सोलत होती. रडली नाही. मीच रडले. नंतर मला स्वतःचाच राग आला. म्हटलं, बाई, तू मेंबर आहेस ना? मग कर की काहीतरी.

करायला गेले तेव्हा कळलं, गिरणी म्हणजे काही चार पत्रे आणि एक मोटर नाही. ती जमीन शेतीची, त्यावर धंदा चालणार नाही. धंद्यासाठी ती बिनशेती व्हायला हवी. सरकारच्या आराखड्यात आमचा सगळा भाग हिरव्या रंगात होता, म्हणजे इथे शेती आणि राहती घरं, बाकी काही नाही. त्यावर मोटर चालवायला थ्री फेज लाइन लागते आणि आमच्या गावात दिवे लागण्यापुरती लाइन होती. वीजवाल्यांना विचारलं तर म्हणाले, एवढ्या लांबून मोठी लाइन ओढायची तर घेणारे पाहिजेत, तुमच्याकडे ना दुकान ना कारखाना. जमिनीच्या कचेरीवाल्यांना विचारलं तर म्हणाले, धंद्याची परवानगी मागताय, पण तिथे वीज कुठे आहे? दोघंही खरंच बोलत होते. पण दोघांच्या मधे माझी वयनी अडकली होती.

मी शहापूरला खेटे घालू लागले. सभेच्या नावाखाली घरून निघता येई, हा मेंबरपणाचा मोठाच फायदा. तिथे कुणीतरी सांगितलं, ठाण्याला नगररचनेच्या कचेरीत जा. गेले. तिथे एक तरुण साहेब भेटले. आमच्या गावाचं नाव सांगितल्यावर नकाशावर ते शोधायला त्यांना वेळ लागला, पण त्यांनी शोधलं. ते म्हणाले, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मागत बसाल तर जन्म जाईल. गावाने रस्त्याकडेचा एक पट्टा दुकानांसाठी ठरवावा, ग्रामसभेचा ठराव करावा, त्याच पट्ट्यातून मोठी लाइन आणि पुढे गावच्या पाण्याच्या पंपाची जोडणी मागावी, म्हणजे सगळं एकाच कागदावर येईल. आम्ही त्याला पुढे दुकानपट्टा म्हणायला लागलो. साहेबांचा शब्द याहून लांब होता.

साहेब गावात आले. देवळात नकाशा अंथरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले. पुढचा तासभर कुणी दुकानपट्ट्याचं बोललंच नाही. जो तो आपलं घर शोधत होता. सापडलं की दुसऱ्याला दाखवत होता. एकाचा गोठा नकाशावर नव्हता, तो साहेबांशी भांडायला उठला. शेवटी साहेबांनी फाट्याजवळ, गावाच्या बाजूने, रस्त्याला लागून पेन्सिलने एक पट्टा काढला आणि विचारलं, इथे दुकानं चालतील का? जमीन थोडी उंच आहे, पाणी साचत नाही, मोठं झाड नाही. वयनीचा तुकडा त्यात बरोबर मधे येत होता. सगळ्यांनी हात वर केले.

सगळ्यांनी म्हणजे आबा सोडून. रस्त्यापलीकडचा खडकाळ माळ आबांचा. त्यांना सगळं गाव आबा म्हणे आणि सगळं गाव टरकून असे. कुठलीही गोष्ट ठरत आली की आबा उठणार आणि नको म्हणणार. तेव्हाही उठले. "दुकानं घाला नायतर सिनेमा घाला. लाइटीचे खांब माझे बांधावर नको." साहेब म्हणाले, अहो, तुमच्या बाजूला काहीच नाहीये. आबा म्हणाले, "आता नाय. तुमचा काय भरोसा?" आणि खाली बसले.

होळीच्या आधी मोजणीची माणसं आली. दुकानपट्ट्याच्या हद्दीवर आणि खांबांच्या जागी खुंट्या ठोकायच्या होत्या. पट्ट्याच्या खुंट्यांना टोकाला चुना, खांबाच्या खुंट्यांना गेरू. त्यांनी आणलेल्या खुंट्या अर्ध्यातच संपल्या, तेव्हा आमच्याच माणसांनी ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडून तासून दिल्या. काम छान झालं. साहेबांनी जाताना दोनदा बजावलं, "होळीनंतर वरिष्ठ साहेब आणि वीजवाले इंजिनियर जागा बघायला येतील. ते जे उभं बघतील त्यावर पुढचं ठरेल. खुंट्या सांभाळा."

खुंट्या सांभाळायचं गावाने कबूल केलं. पण होळीचे दिवस म्हणजे आमच्याकडे राबाचे दिवस, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं जिथे वाढवायची ती जमीन आम्ही पावसाआधी भाजून घेतो. शेणाचा थर, त्यावर झाडांचा टहाळ, काटक्या, पालापाचोळा, गवत, वर बारीक माती, आणि वाऱ्याची दिशा बघून सावकाश पेटवायचं. त्याला राब म्हणतात. राब चांगला भाजला तर रोप जोमाने येतं, तण येत नाही. पौषापासून गावातल्या बायका टहाळ गोळा करत असतात, आणि या दिवसांत शेतात पडलेलं लाकूड कुणी कुणाला विचारून उचलत नाही. राबाच्या जागी लाकूड दिसलं की ते राबाचं, अशी पिढ्यान् पिढ्यांची सवय.

एका सकाळी मी शहापूरला जायला फाट्यावर आले. पट्ट्याच्या जागी काळे चौकोन पडले होते, कुठे कुठे अजून धूर निघत होता. राब उत्तम भाजले होते. खुंटी मात्र एकही नव्हती. चुन्याची नाही आणि गेरूचीही नाही.

माझी एसटी आली आणि गेली. मी तशीच माघारी गावात गेले आणि दिसेल त्या बाईला विचारत सुटले. एक म्हणाली, "लाकूड व्हतं, घेतलं." दुसरी म्हणाली, "मी एकच घेतली गो, ती पण मोडकी." तिसरी उलट मलाच विचारायला लागली, "राबात नेऊन ठोकल्या म्हंजे राबाला दिल्या ना? मंग ठोकल्या कशाला तिथं?" आमच्या सासूबाई मधेच म्हणाल्या, ऐन असा भाजतो, काय सांगू. तेव्हा मी ओळखलं की आमच्या घरानेही हातभार लावलाय, आणि पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

साहेब त्याच आठवड्यात यायचे होते. देवळात सगळे जमले. ठरलं की आठवून आठवून खुंट्या परत ठोकायच्या, बघणाऱ्याला काय कळतंय. दुपारभर गाव फाट्यावर खपत होतं. मला वाटलं, चला, निभावलं. संध्याकाळी जाऊन बघते तो खांबाची प्रत्येक खुंटी ज्याने ठोकली त्याच्या शेजाऱ्याच्या शेतात होती, आणि दुकानपट्टा फाट्यावरून निघाला होता तो थेट ओढ्यापर्यंत गेला होता, कारण प्रत्येकाला स्वतःची जमीन पट्ट्यात होती असंच आठवत होतं. वीज गावात यायची तर खांबांनी अशी नागमोडी वळणं घेतली असती की तार ओढणारा वेडा झाला असता. मी हसायला लागले आणि मग मला हसू आवरेना. वयनीने मात्र एकही खुंटी ठोकली नव्हती. ती आपल्या भाजलेल्या राबाच्या कडेला उभी होती.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"खरं सांगायचं," ती म्हणाली. "खोटं आपल्याला जमत नाय. बघितलंस ना."

साहेब आले त्या दिवशी थोरले दीरही गावात होते. खाडा करून आले होते, कारण मुंबईची पार्टी दुपारी तुकडा बघायला येणार होती. ते लांब टपरीच्या बाकावर बसले होते. वरिष्ठ साहेब, वीजवाले इंजिनियर आणि आमचे तरुण साहेब गाडीतून उतरले. आमच्या साहेबांनी खुंट्यांच्या नागमोडी रांगेकडे बघितलं, हातातल्या नकाशाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मेंबर म्हणून मीच पुढे झाले आणि सांगून टाकलं. साहेब, खुंट्या राबात जळाल्या. या आम्ही आठवणीने ठोकल्या आहेत आणि आमची आठवण चांगली नाही.

वरिष्ठ साहेब भडकले. का भडकू नये? ठाण्याहून उन्हातान्हाचे आले होते. "हे गाव तयार नाही, असं लिहून टाकतो," असं म्हणून ते गाडीकडे वळले. त्या एका वाक्यात वयनीची गिरणी गेली, हे तिथे मला आणि तिलाच कळत होतं. 

तेवढ्यात वयनी बोलली. ती कधी चारचौघांत बोलल्याचं मला आठवत नाही. "साहेब, गाव तयार हाय. जागा चुकली."

साहेब थांबले.

"ही सगळी राबाची जागा. निम्म्या गावाची रोपं इथं व्हतात. हितं दुकानं झाली तर भात लावायचं कशाचं? त्या दिवशी नकाशा बघून सगळ्यांनी हात वर केलं. मी पण केला. कागदावर आपलाच राब आपल्याला वळखला नाय. राब पेटला तेवा डोळं उघडलं." मग तिने रस्त्यापलीकडे हात दाखवला. "दुकानं तिकडं खडकावर घाला."

मी तिचा पदर ओढला. पलीकडे आपलं काहीच नाही, हे तिला सांगायचं होतं. पण तिला ते ठाऊक होतं. स्वतःच्या गिरणीची जागा तिने स्वतःच्या तोंडाने घालवली होती. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला आणि इतका अभिमान वाटला की मी दोन्ही एकदम सोसू शकत नव्हते.

 माणसं एकमेकांकडे बघत होती, काळ्या चौकोनांकडे बघत होती. आपण काय ठराव केला होता, हे प्रत्येकाला आत्ता दिसत होतं. तरुण साहेबांनी नकाशा गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि म्हणाले, सर, पलीकडची बाजू चालेल. उलट खडक आहे, पिकाखालची जमीन जात नाही. इंजिनियरही म्हणाले की खांबांना ती बाजू सरळ पडते. वरिष्ठ साहेबांनी विचारलं, "पलीकडे जमीन कुणाची?"

सगळ्यांनी आबांकडे बघितलं.

"माझी," आबा म्हणाले. "नि मी देनार नाय."

वरिष्ठ साहेबांनी घड्याळ बघितलं. मनाने चांगला माणूस असावा. म्हणाले, आम्ही चहा घेतो, तोवर तुमचं काय ते ठरवा.

आबांना समजवायला चार जण गेले आणि शिव्या खाऊन परत आले. मग आबाच काठी टेकत रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आले. वयनीच्या राबात वाकून त्यांनी चिमूटभर राख उचलली, बोटांत चोळून बघितली. "बरा भाजलास," म्हणाले. 

आबांकडे माळ होता, खाली थोडी भातशेती होती, पण राबाला जागा नव्हती. खडकावर रोप होत नाही. दरवर्षी ते कुणाच्या तरी राबाचा एक कोपरा मागायचे आणि बदल्यात त्यांच्या घरची माणसं त्या शेतकऱ्याच्या लावणीला राबायची. ही आमच्याकडची जुनी पद्धत, त्यात कमीपणा नाही. पण ज्याचं सगळ्यांशी वाकडं त्याला दरवर्षी दार वाजवायला जड जात असणार. हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं. त्याआधी मी आबांना नुसतंच खडूस म्हणत आले होते.

"हा तुकडा मला दे," आबा वयनीला म्हणाले. "माझे माळावरचा तितकाच तू घे. रस्त्याला लागून. मंग खांब माझे बांधावर घाला, कुठं पण घाला."

 वयनी देणार कशी? तुकडा थोरल्या दिरांच्या नावावर. आणि खडकाचा तुकडा मुंबईच्या पार्टीला चालणार नव्हता. विहीर नाही, माती नाही, लॉन कुठे करणार? अदलाबदल केली की वाशिंदची खोली गेली. हे सगळ्यांना समजलं आणि सगळ्या माना टपरीच्या बाकाकडे वळल्या.

आमच्या घरात धाकट्या सुनेने थोरल्या दिरांशी तोंडावर बोलायची पद्धत नव्हती. इतकी वर्षं झाली, पण काही सांगायचं असलं तर मी भिंतीला सांगायची किंवा पोरांना. जेवायला वाढताना "भात वाढू का ते विचार" असं कुणाला तरी म्हणायची. त्या दिवशी मी सरळ बाकासमोर जाऊन उभी राहिले. डोक्यावरचा पदर होता की पडला होता, आठवत नाही.

"दादा," मी म्हटलं, "वयनीला वाशिंदला न्याल तर मी एकटी पडेन. मला दुसरं काही बोलता येत नाही. तिच्याशिवाय मला या गावात करमणार नाही."

गिरणी, वीज, गावाचा विकास, सगळं मनात तयार करून गेले होते. तोंडातून हे आलं.

दीर चकित झाले. भिंतीकडे बघायला तिथे भिंत नव्हती, म्हणून माझ्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "हे मेंबर बोलतंय का घरचं माणूस?"

"घरचं."

ते उठले. रस्ता ओलांडून पलीकडे गेले. माळावर इकडून तिकडे चालले, दोन ठिकाणी टाच आपटून बघितली, एक दगड पायाने ढकलायचा प्रयत्न केला, तो हलला नाही. आम्ही अलीकडे उभ्या. वयनीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. दीर परत आले आणि वयनीकडे न बघता आबांना म्हणाले, "पाया आयताच हाय. गिरणी हलायची नाय."

एवढंच. त्यांच्या तोंडून होकार असाच येतो.

पुढचं काही झटपट झालं असं कुणी समजू नये. ठराव पुन्हा केला, आणि या वेळी देवळात नाही तर फाट्यावर उभं राहून, जागा पायाखाली घेऊन केला. कागद शहापूर, ठाणे असे फिरत राहिले. मधे निवडणूक आली, मधे आमचे तरुण साहेब बदलून गेले, नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. दोन पावसाळे गेले. पण पोरांची नावं गावच्याच शाळेत राहिली. मुंबईच्या पार्टीने मुरबाडकडे कुठेतरी जमीन घेतली असं ऐकलं. आबांनी वयनीच्या जुन्या तुकड्यात पहिला राब भाजला त्या दिवशी टहाळ द्यायला अर्धा गाव गेला, आणि आबांनी कुणालाच नको म्हटलं नाही. खांब आले तेव्हा दोन खांब आपल्या बांधावर कुठे रोवायचे ते त्यांनी स्वतः उभं राहून दाखवलं, आणि तिथेही तार ओढणाऱ्यांशी भांडले.

आज त्या खडकावर शिंप्याचं दुकान आहे, सायकलवाला आहे, खताचं दुकान आहे, मोबाइलचं रिचार्ज मिळतं. पाण्याचा पंप बराच उशिरा आला, पण आला. आम्हाला कुणी गावाचं नियोजन कसं केलं विचारलं तर सांगायची लाज वाटते. पण झालं ते चांगलं झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गिरणी सुरू झाली तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. दिवाळी झाली होती, नवं भात घरात आलं होतं. पत्र्याच्या शेडबाहेर पोत्यांची रांग लागली, आबांचं पोतं पहिलं. थोरले दीर सुट्टी काढून आले होते आणि तांदळाची पोती शिवत होते. वायरमनने खटका ओढायला वयनीला बोलावलं. तिने हात पदराला पुसला, नमस्कार केला आणि खटका ओढला. मोटरचा पट्टा फिरला, गिरणीचा असा आवाज सुटला की शेडचे पत्रे थरथरायला लागले. कोंड्याची धूळ उडाली, आणि पांढरे तांदूळ खाली पडायला लागले. वयनीने मूठभर हातात घेतले आणि माझ्याकडे आली. मला काहीतरी सांगत होती. आवाजात काही ऐकू येईना. तिने माझ्या कानाला तोंड लावलं आणि जीव खाऊन ओरडायला लागली.

आणि लाइट गेली.

भारनियमनाचे दिवस होते, त्यात नवल नव्हतं. गिरणी एकदम गप्प झाली आणि त्या शांततेत वयनीचं ओरडणं शेडभर, रस्त्यावर, पोत्यांच्या रांगेत सगळ्यांना लख्ख ऐकू गेलं.

"आता मला इथून कोन नेतंय!"

रांगेतल्या बायका फिस्सकन हसल्या. वयनीने तोंडावर पदर धरला, कानापर्यंत लाल झाली. थोरले दीर पोतं शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही. दाभण पोत्यातून ओढत ते म्हणाले, "कोन नाय."